पंढरीची सरणं

कोपरीच्या पंढरीला आळशी म्हणणं म्हणजे आळशी माणसांचा अपमान आहे. आळशी माणूस काम टाळतो खरा, पण टाळताना निदान चार बहाणे तरी शोधतो. गुडघा धरतो, पोट आवळतो, मावशीला बरं नाही म्हणतो. पंढरीने बहाण्यांचेही कष्ट कधी घेतले नाहीत. कोणी हाक मारली, "पंढरी, हात लावतोस काय रं जरा?" तर तो स्वच्छ मनाने "नाय" म्हणायचा आणि कूस बदलायचा. तीसुद्धा ऊन तोंडावर आलं असेल तरच.

घराणं मिठागरातलं. बाप, काका, थोरले भाऊ, सगळ्यांच्या पायांना खाऱ्या पाण्याने कायमच्या भेगा. पंढरीच्या हातातही वेळेवर फावडं दिलं होतं. त्याने ते बांधावर उभं करून त्याच्या सावलीत डोकं ठेवलं आणि विचार केला. विचार असा, की पाणी भरतीला आपलं आपण येतं, उन्हाने आपलं आपण आटतं, मीठ आपलं आपण बसतं. मग मध्ये पंढरीने काय करायचं? या विचारात त्याचा डोळा लागला. भरतीच्या वेळी पाण्याची वाट बंद करायची होती, ती राहिली, आणि सबंध महिन्याचं मीठ खाडीत विरघळलं. बापाने फावड्याचा दांडा काढला तेव्हा पंढरी शांतपणे म्हणाला, "खाडीचंच व्हतं ना? खाडीनं परत नेलं."

असल्या मुलाचं काय करायचं? घराण्याने एकमताने ठरवलं, की त्याला दुसऱ्या घराण्यात देऊन टाकायचं.

माजिवड्याची आवडाबाई तेव्हा घरजावई शोधत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरात एकुलती एक सगुणा. भाताचं शेत होतं, विहिरीजवळ वांग्या-मिरच्यांचे वाफे होते, आणि घरामागे खाडीकाठच्या खाजणाकडे उतरत गेलेला एक तुकडा होता, जिथे उगवण्यापूर्वी गवतसुद्धा दोनदा विचार करायचं, इतका खार. बाई हाडाने वाळलेली आणि जिभेने ओली. सूर्य उगवायच्या आत डोक्यावर पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात, उन्हं चढली की परत, मग विहीर ते वाफा, वाफा ते विहीर. बसलेलं माणूस दिसलं की तिच्या अंगावर काटा यायचा. देवळातली देवीसुद्धा उभी आहे म्हणून तिची देवीवर भक्ती, असं गावात म्हणत.

मध्यस्थाने सांगितलं, "पोरगा शांत हाय, आवडाबाय. दारू नाय, उलटं बोलणं नाय, कुठं जात नाय, येत नाय."

एकही शब्द खोटा नव्हता. कुठे जात नाही हे तर इतकं खरं निघालं, की लग्नानंतर ओटीवरची एक जागा पंढरीच्या पाठीने गुळगुळीत झाली, शेणाने सारवायची गरज उरली नाही.

"ह्याला घरात आणला तेव्हा वाटलं नांगर धरील," आवडाबाई विहिरीवर सगळ्या बायांच्या देखत म्हणायची. "हा तर खांब धरून बसलाय. खांब तरी छप्पर उचलतो!"

सगुणा मात्र नवऱ्याची बाजू घ्यायची. "आये, काय बी म्हण, पण त्यानं आजवर माझ्यावर हात नाय उगारला."

"उगारायला उचलावा लागतो ना गो तो!"

हसली सगळी विहीर. सगुणाही हसली, तोंडाला पदर लावून. तिला हा माणूस आवडत होता, याचं कारण गावाला कधी कळलं नाही. गावाला एवढंच दिसायचं, की हा पडलेला असतो. तो पडल्या पडल्या काय काय बोलतो, कोणाची कशी नक्कल करतो, आणि चुलीपुढे बसलेली सगुणा धुरानं नव्हे तर हसून हसून डोळे कसे पुसते, हे बघायला ओटीवर थांबायला लागलं असतं, आणि गावातली कामसू माणसं थांबतात कुठे?

स्वातंत्र्य येऊन दोन-तीन पावसाळे झाले होते. रेशनवर लालसर, किडका जोंधळा मिळत होता आणि भिंतीभिंतीवर सरकारने रंगवलं होतं, अधिक धान्य पिकवा. पंढरीने एका शिकलेल्या माणसाला विचारलं, "हे काय लिवलंय?" त्याने वाचून दाखवलं. "कोणाला सांगतायत?" "सगळ्यांना." "मंग ठीक हाय," पंढरी म्हणाला, "मला वाटलं एकट्या मलाच."

आवडाबाईने शेवटी डोकं चालवून त्याच्यासाठी त्याच्या जोगं काम शोधलं. घोडबंदर रस्त्याच्या तोंडाशी एका शेठची लाकडाची वखार होती. जंगलातले ओंडके बैलगाड्यांतून यायचे, तिथे तासले जायचे. दिवसाची राखण करायला माणूस हवा होता. म्हणजे नुसतं बसायचं काम. आवडाबाईला वाटलं, हे तरी जमेल.

जमलं नाही. बसायचं काम पंढरीने पडून केलं. पण तिथे पडल्या पडल्या त्याच्या आयुष्यात जी एकमेव घडामोड झाली ती झाली. वखारीच्या मागच्या कोपऱ्यात कुऱ्हाडीखालच्या ढलप्यांचा एक जुना ढीग होता. ताज्या ढलप्या लोक चुलीसाठी मागून न्यायचे. या मात्र किती पावसाळे खाऊन काळ्या पडलेल्या, जळताना नुसता धूर देतील अशा, त्यामुळे त्यांना कोणी विचारत नव्हतं. त्या ढिगावर कोणाच्या तरी जेवणातलं बी पडून दुधीचा वेल आला होता. भर वैशाखात आजूबाजूची जमीन तव्यासारखी तापलेली, आणि हा वेल हिरवागार, अंगाखाली दुधी घेऊन निवांत पसरलेला.

पंढरीला एकदम नातेवाईक भेटल्यासारखं झालं.

तो रोज त्या वेलाकडे बघत पडायचा. याला पाणी कोणी घातलं? कोणी नाही. खुरपलं कोणी? कोणी नाही. एके दिवशी हात पुढे करून (उठून नव्हे) त्याने ढलप्या बाजूला केल्या. खाली माती ओली, काळी, भुसभुशीत, गांडुळांची वळवळ. गवताची एक काडी नाही. वरच्या ढलप्यांची सावली सगळं सांभाळत होती. विहीर ते वाफा, वाफा ते विहीर धावणारी सासू त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला तिची कीव आली.

त्याच आठवड्यात नोकरी गेली. शेठ स्वतः पाहणी करायला आला आणि पंढरीच्या उशाशी उभा राहिला. पंढरी डोळे न उघडता म्हणाला, "जरा बाजूला हो रं, वारा अडतोय." शेठ बाजूला झाला आणि त्याने पंढरीला वखारीबाहेर केलं. जाता जाता पंढरीने विचारलं, "शेठ, तो मागचा कोपरा साफ करून हवा काय?" शेठला वाटलं, पोराला पश्चात्ताप झाला. त्याने आनंदाने गाडी दिली, गाडीवान दिला, आणि कुजक्या ढलप्या खेपेखेपेने माजिवड्याला येऊन पडल्या.

पुढचं काम कसं झालं हे ज्यांनी बघितलं ते अजून कपाळावर हात मारतात. त्या उन्हाळ्यात गावाने तळ्यातला गाळ काढायचं ठरवलं होतं. गाळाच्या पाट्या डोक्यावर घेऊन माणसं लांब बांधापर्यंत जायची. वाट पंढरीच्या ओटीसमोरून. ओटीवरून आवाज यायचा, "कशाला तिथवर मरताय? ओता इथंच, माझ्या मागच्या तुकड्यात. शेजारधर्म हाय!" माणसांना वाटलं, हा केवढा भला. त्यांनी ओतला. "डावीकडे जरा... हां... आता वर चढवा थोडा." खाडीवर मोडकी होडी पडली होती, तिच्या फळ्या चुलीसाठी नेणाऱ्या पोरांकडून याने त्या गाळाच्या कडेला आडव्या लावून घेतल्या, "उद्या न्या रं, आज इथं ठेवा" असं सांगून. तो उद्या कधी उगवला नाही. अशा रीतीने घरामागच्या खाऱ्या तुकड्यात, जमिनीपासून चांगले गुडघाभर उंच, लांबट असे वाफे तयार झाले. उंच का? खार वर चढू नये म्हणून, असं पुढे शहाणी माणसं सांगायला लागली. खरं कारण साधं होतं. पंढरीला कंबर वाकवायची नव्हती. काठावर बसल्या बसल्या हात पोचला पाहिजे, ही त्याची मोजणी.

त्यावर काळ्या ढलप्यांचा जाड थर पसरलेला बघून म्हातारा दौलत, जो गावच्या देवळाचं सगळं बघायचा आणि ज्याच्या तोंडून काय निघेल याला सगळे घाबरायचे, कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "पंढरी, घरातल्या कोणाकोणाची सोय केलीस रं? चांगली सरणं रचलीस की."

झालं. त्या दिवसापासून त्या वाफ्यांना अख्खा गाव 'पंढरीची सरणं' म्हणायला लागला.

सुरुवात वाईट झाली. पहिल्या वाफ्यात त्याने ढलप्या मातीत कालवल्या, म्हणजे सगुणाकडून कालवून घेतल्या. त्यात पेरलेला माठ कावीळ झाल्यासारखा पिवळा पडून बसला. आवडाबाईला तो आनंद आवरेना. ती विहिरीवरच्या प्रत्येकीला तो पिवळा माठ दाखवायला घेऊन आली. बाकीच्या वाफ्यांत ढलप्या कालवायचा पंढरीला, आणि आता सगुणालाही, कंटाळा आला, म्हणून त्या नुसत्या वर राहिल्या. आणि तिथेच सगळं नीट आलं. वांगी आली, दुधी आला, पावसाळ्यात तर ढलप्यांवर आपसूक अळंबी फुटली आणि सगुणाने वाटण लावून अशी केली की दौलत सहज आल्यासारखा येऊन जेवून गेला. जाताना म्हणाला, "सरणावरचं हाय, पण चव हाय."

आता कोणाला वाटेल, सासू निवळली असेल. छे! माठ पिवळा पडला तेव्हा ती रागावली नव्हती इतकी वांगी जांभळी झाल्यावर रागावली. हा माणूस पाणी घालतो सणासुदीला, खुरपं हातात धरत नाही, आणि ह्याचं वांगं तिच्या वांग्याच्या बरोबरीचं? मग ती जन्मभर विहिरीचा दोर ओढून तळहाताची जी कातडी सोलत आली, ती कशासाठी?

"घामाशिवाय आलेलं माझ्या घशाखाली उतरत नाय," ती म्हणायची आणि भाकरीबरोबर स्वतःचीच मिरची चावायची.

"नको उतरवू, आत्या," पंढरी म्हणायचा, "ताटात राहू दे. मी हाय ना."

"आता घरातलं बी वाळवीनं जाणार! लाकूड आणून ठेवलंय दारात, वाळवीला आवतण!"

"येईल तेव्हा येईल. तिला तरी काम असू दे."

अशात बाळकुमचा काळुराम यायला लागला. विधुर, छातीने रुंद, बुद्धीने त्या मानाने अरुंद. काम दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटायची. रस्त्याने जाता जाता परक्याचं कुंपण नीट करायचा, न मागता. एकदा त्याने एका म्हातारीचं छप्पर शाकारलं आणि नंतर कळलं, की तिला घर बदलायचं होतं. आवडाबाईच्या बाजारच्या वाटेवर हा एकदा भेटला, तिच्या डोक्यावरची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि बाईच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं.

तिने आडपडदा ठेवला नाही. ओटीसमोर उभी राहून जावयाला म्हणाली, "ऐका, जावयबापू. गावदेवीच्या जत्रेला दर घरातला बापया आपल्या हातच्या पिकाची पाटी देवीपुढं ठेवतो. माझ्या घरची पाटी मी रांड बाई ठेवत आले. तुम्ही आलात, तरी मीच ठेवत आले. ह्या चैतात तुमच्या हातची पाटी देवळात दिसली तर राहा. नाय दिसली तर पंचांपुढं सोडचिठ्ठी घेईन, सगुणाचा पाट लावीन काळुरामाशी, आणि तुम्ही कोपरीला जाऊन मिठात झोपा."

पंढरी उठून बसला. हीच मुळात एक मोठी बातमी होती.

"सगुणाला विचारलंस?"

"सगुणा माझी हाय."

आत चुलीपुढे भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला. पंढरीने तेवढं ऐकलं. ओटी जाईल, वाफे जातील, ते ठीक. पण सगुणा काळुरामाच्या घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत कामाला जुंपलेली, आणि तिला हसवायला तिथे कोणी नाही, हे चित्र काही केल्या कूस बदलून जाईना.

मेख अशी होती, की चैत्र अगदी तोंडावर आला होता आणि वाफ्यांवर काही नव्हतं. वांगी संपलेली, दुधी वाळलेला. वर नुसते सुके वेल, ढलप्या आणि गोठ्यातला केर, तोही आवडाबाईने रागाने फेकलेला. बघणाऱ्याला ओसाड.

"आता काय ठेवशील देवीपुढं? ढलप्या?" सगुणाने डोळे पुसत विचारलं.

"आषाढात काय लावलं व्हतं, इसरलीस?"

सगुणाला आठवलं. आषाढात त्याने कोनफळाच्या कंदाच्या फोडी लावल्या होत्या, पुढे रताळ्यांचे वेल खुपसले होते. वेल वाढले, पसरले, वाळले. ज्या वेळी सगळं गाव खणून काढतं, त्या वेळी पंढरीला खणायचा कंटाळा आला. "राहू दे. खाली बसून कोणाचं काय खातायत?" म्हणाला होता.

"म्हंजी अजून खाली हायत?" ती उठलीच. "काढूया की मंग!"

"जत्रेच्या दिवशी सकाळी काढू. ताजी."

सगुणाने कपाळावर हात मारला, पण आज बऱ्याच दिवसांनी ती हसली. आईला काही सांगितलं नाही. त्या वाफ्यांपुरती तरी ती आता आईची नव्हे, नवऱ्याची होती.

आता त्या दिवसांत गावात काय चाललेलं असतं ते सांगायला हवं. चैत्रात माजिवड्यापासून बाळकुमपर्यंत प्रत्येक जण राब भाजतो. भाताची रोपं ज्या जागी टाकायची ती जागा आधी जाळून घ्यायची. शेणकेर, वाळलेला पाला, टहाळ, काटक्या असं सगळं जाड अंथरायचं, वर माती भुरभुरायची म्हणजे भडका न उडता आतल्या आत धुमसत राहील, आणि पहाटे वारा पडलेला बघून, वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं. राब चांगला भाजला तर रोप चांगलं. राब तसाच पडलेला दिसला तर इथल्या कामसू माणसाला रात्री झोप लागत नाही. आवडाबाईने आपला राब शेतात रचून ठेवला होता, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी तो पेटवायला काळुरामाला बोलावलं होतं. जावई होऊ घातलेल्याची ती परीक्षाच म्हणा.

काळुराम आला, तोही बोलावल्या वेळेच्या आधी, उजाडता उजाडता. खाडीच्या पायवाटेने, म्हणजे घराच्या मागच्या अंगाने. आणि त्याच्यापुढे आलं काय? उंच, रेखीव, फळ्यांत बांधलेले वाफे. वर वाळका पाला, खाली गोठ्याचा केर, त्याखाली लाकडाच्या चिपाच चिपा. असा राब त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्याचे डोळे भरून आले म्हणतात. काय ही बाई! राबसुद्धा रचते तर देव्हारा मांडल्यासारखा!

आणि एवढा राब थंड पडलेला. वारा पडलेला. बाई अजून विहिरीवरून यायची होती. काळुरामाच्या हाताला खाज सुटली.

काम त्याने चोख केलं, हे त्याच्या शत्रूनेही मानावं. आधी प्रत्येक वाफ्यावर बारीक माती एकसारखी भुरभुरली. वाऱ्याचा अंदाज घेतला. मग उलट्या अंगाने, एकामागून एक, सगळे वाफे पेटवले. कुठे ज्वाळ नाही, कुठे फुफाटा नाही, नुसता संथ निळा धूर. फळ्यांना धग लागून त्या पेटायला लागल्या, त्यांवर त्याने चिखल लिंपला. इतकी काळजी त्याने पहिल्या बायकोच्या आजारपणात घेतली असती तर तो विधुर झाला नसता, असं एक जण पुढे म्हणाला, पण त्या माणसाची जीभ वाईट.

पंढरीला जाग धुराने आली. तो ओटीवरून वळसा घालून मागे आला तेव्हा काळुराम छाती पुढे काढून उभा होता.

"झालं," काळुराम म्हणाला. "संध्याकाळपर्यंत धुमसेल. तुम्ही झोपा."

तेवढ्यात आवडाबाई कळशी घेऊन आली.

"अरे मेल्या, काय जाळतोस?"

"तुमचा राब."

"माझा राब शेतात हाय! ही ह्याची सरणं हायत!"

काळुरामाची छाती जागच्या जागी खाली गेली. सगुणा धावत बाहेर आली, बघितलं आणि तोंडात पदर कोंबून खाली बसली. धूर बघून गाव जमायला वेळ लागत नाही. "अखेर पेटली रं पंढरीची सरणं!" "आत कोण हाय?" "ह्याची पाटी हाय!" असे एकेकाचे विनोद चालू झाले.

आणि मग गावाने एक गोष्ट बघितली, जी सांगितली तर खोटी वाटते. पंढरी धावला. विहिरीकडे धावला, कळशी भरली, आणली, ओतली. परत धावला. पाणी वरच्या मातीवरून ओघळून जायचं, आतली धग ढिम्म. त्याला धावताना बघून लोकांचं हसू हळूहळू बंद पडलं, कारण जो माणूस कधी रडत नाही तो रडताना जसं बघवत नाही, तसंच ते होतं. शेवटी सगुणानेच त्याचा हात धरला. "राहू दे आता."

दिवसभर तो त्या वाफ्यांपुढे बसून राहिला. बसून, हे लक्षात घ्या. पडला नाही. आवडाबाई दोनदा दारात येऊन गेली. काहीतरी बोलायला आली होती, पण तयार करून आणलेलं वाक्य तिने दोन्ही वेळा परत नेलं.

उन्हं उतरली तसा धूर विरला आणि वास बदलला. पहिल्यांदा कुत्र्यांना कळलं. मग सगुणाला. तिने काठी घेतली, राखेत खुपसली आणि एक काळा गोळा उकरून काढला. वरची साल जळालेली. फोडला तर आत जांभळं कोनफळ, वाफाळतं, पिठूळ. रताळं काढलं, तर त्याच्या चिरेतून पाक उतू आलेला. वर धग, खाली ढलप्यांची ओल, आणि काळुरामाची ती भुरभुरलेली माती. हिवाळ्यात मडकं पालथं घालून, पाला लावून लोक जी पोपटी भाजतात, तीसुद्धा इतकी एकसारखी भाजत नाही.

सगुणाने एक घास नवऱ्याच्या तोंडात घातला. पंढरीने खाल्ला, डोळे मिटले. "मीठ हवं व्हतं," म्हणाला. मिठागरवाल्याचा मुलगा तो.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे पाट्यांची रांग लागली. कोणाचे पांढरे कांदे, कोणाचा लाल भोपळा, आवडाबाईची वांगी. शेवटी पंढरीची पाटी आली, काळीकुट्ट, राखेने माखलेली, पण वास असा, की देवीसमोर हात जोडलेल्यांची तोंडं तिकडे वळली.

दौलत पुढे झाला. "हे काय रं? पाटीत पीक ठेवतात. हे भाजलेलं हाय."

"पीकच हाय, दौलतदादा. पुढं गेलेलं."

"देवीला कच्चं पीक लागतं."

"मागाहून तुम्ही शिजवताच ना? देवीचा वेळ वाचवला."

दोन्ही बाजूंनी मतं निघाली. कोणी म्हणे बाटलं, कोणी म्हणे अग्नीने काही बाटतं का? दौलतने निर्णय देण्याआधी वस्तू तपासायला हवी म्हणून एक रताळं सोललं. तपासलं. मग दुसरं तपासलं. तिसऱ्याला हात घालताना आवडाबाई कडाडली, "पण हे ह्याच्या हातचं कशावरून? ह्यानं केलं काय? ना खणलं, ना पाणी घातलं! भाजलंसुद्धा काळुरामानं!"

"हो, मी भाजलं!" काळुराम गर्दीतून ओरडला. बिचाऱ्याला वाटलं, आपलं नाव होतंय. "माती मी भुरभुरली, पेटवलं मी!"

दौलतने तोंडातलं संपवलं. "कोणाचं पेटवलंस?"

"पंढरीचं."

"म्हंजी पीक पंढरीचं."

गावाने एकदा काळुरामाकडे बघितलं, एकदा पंढरीकडे, आणि मग पाटीकडे. दौलतने पाटी उचलून देवीच्या पायाशी ठेवली, हात कपाळाला लावले आणि ज्या घाईने प्रसाद वाटायला घेतला त्यावरून त्याची भक्ती किती उत्कट होती ते दिसलं.

आवडाबाई पंचांकडे वळलीच नाही. ती घरी गेली आणि बऱ्याच रात्रीपर्यंत भांडी घासत बसली. सगुणाने ओटीवरच्या गुळगुळीत जागेवर नवी चटई टाकली.

पुढे पंढरी सुधारला का? तुम्हीही काय विचारता! वाफ्यांत राख पडून माती अशी काही झाली, की पुढच्या वर्षी रताळी दुप्पट. ढलप्या वखारीतून पुन्हा आल्या, गाडीवानाच्या हातून. हा पुन्हा काठावर बसून हात पुरेल तिथवर लावायला लागला. एका सकाळी सगुणाने पाहिलं, तर आवडाबाई कोणी बघत नाही असं बघून ओंजळभर ढलप्या स्वतःच्या वांग्यांच्या बुडाशी पसरत होती. पोरगी दिसताच म्हणाली, "कोंबड्या उकरतात मेल्या, म्हणून टाकतेय." तिच्याकडे कोंबड्या नव्हत्या.

आणि फाल्गुन सरता सरता, वेल वाळले तेव्हा, पंढरीने बाळकुमला जाणाऱ्या एका माणसाला ओटीवरून हाक मारली. "काळुरामाला सांग रं, राब तयार हाय. जत्रेच्या आदल्या दिवशी ये म्हणावं. त्याच्यासारखं कोणाला जमत नाय."

निरोप पोचला. आणि तो शहाणा खरंच आला, बोलावल्या वेळेच्या आधी.